जिप्समच्या भिंतीवर जड सरकतं दार बसवताना

"दार खाली आलंय का फरशी वर आलीय, काय कळंना बघा. जरा येऊन जावा." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ऑफिसातून हा फोन आला, तेव्हा मला इंटिरियरच्या कामात उतरून जेमतेम वर्ष झालं होतं. शिवाजी पेठेतला जुना वाडा उतरवताना निघालेलं सागवानी कवाड मालकांनी हौसेनं जपून ठेवलेलं. ते केबिनला सरकतं दार म्हणून लावायचं होतं आणि केबिनची भिंत जिप्समची. दाराची चाकं ज्यावर धावतात त्या ट्रॅकच्या प्रत्येक भोकात मी प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू आवळले, दार चढवलं, फोटो काढला. तिसऱ्या आठवड्यात जाऊन बघतो तर ट्रॅकची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटलेली आणि खाली फरशीवर पांढरा भुगा. दार कुणाच्या अंगावर पडलं नाही, हे नशीब. उतरवून भंगारवाल्याच्या काट्यावर घातलं. मी "असेल की चाळीसेक किलो" म्हणत होतो, ते ६२ भरलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ड्रिलला हात लावायच्या आधी दाराचं वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं उतरणार, ते भिंतीवर बोट फिरवून दाखवता आलं पाहिजे. बोट मध्येच कुठं अडकलं तर काम तिथंच थांबवायचं. खाली जे सगळं लिहिलंय ते या बोटाच्याच मागं मागं गेलेलं आहे.

भिंतीच्या पोटात काय असतं

जिप्सम पार्टिशन म्हणजे खाली फरशीला एक पत्र्याचं चॅनेल, वर स्लॅबला एक, मध्ये उभे 'सी' आकाराचे स्टड आणि दोन्ही अंगांना साडेबारा मिमी जाडीचा बोर्ड. आपल्याकडे सर्रास ४८ मिमीचे स्टड वापरतात; उंच किंवा जाड भिंत हवी असेल तर ७० मिमीचे. दोन स्टडमध्ये बहुतेक वेळा ६१० मिमी अंतर, म्हणजे दोन फूट. स्टडचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. स्क्रूचा जेमतेम एक आटा त्यात धरतो. बोर्ड म्हणाल तर कागदात गुंडाळलेला खडू. गिट्टी त्यात फुगते खरी, पण तिच्याभोवती धरायला खडूच असतो.

आणखी एक गोष्ट नवीन पोरांच्या लक्षात येत नाही. नीट बांधलेल्या पार्टिशनमध्ये स्टडचं वरचं टोक चॅनेलमध्ये नुसतं अडकवलेलं असतं आणि थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, स्लॅब वाकला तर भिंत दबू नये म्हणून. म्हणजे ही भिंत स्लॅबला लोंबकळत नाही, ती फरशीवर उभी असते. आपलं वजनही स्टडमधून खालीच जाणार. स्टड एकटा उभा केला तर हातानं पिळता येतो. दोन्ही बाजूंचा बोर्ड त्याला सरळ धरून ठेवतो.

दार मात्र भिंतीला चिकटून नसतं, पुढं लोंबत असतं. ट्रॅकच्या मागच्या बुशी (ट्रॅकला भिंतीपासून पुढं धरणारे नळीसारखे तुकडे), त्यामागची फळी धरली तर दाराचा मध्य भिंतीपासून साधारण ६ सेंमी पुढं येतो. ६० किलोचं दार ६ सेंमी पुढं, म्हणजे भिंतीचा वरचा भाग बाहेर खेचणारा ३६० किलो-सेंमीचा पीळ. हा पीळ वरच्या आणि खालच्या अशा दोन ओळींत १० सेंमी अंतरावर मारलेल्या स्क्रूंनी पेलला, तर वरच्या ओळीवर ढोबळमानानं ३६ किलोची ओढ येते. पाच स्टडवर वाटली तर काहीच नाही. एकाच ओळीत मारलेल्या गिट्ट्यांवर आली तर काय होतं, ते वर सांगितलंच.

वजन करा, अंदाज नको

वाळलेल्या सागवानाचा घनमीटर साधारण ६५० किलोचा. मीटरभर रुंद, २.१ मीटर उंच, ३५ मिमी जाड भरीव दार घेतलं तर ४८ किलो होतं. त्यावर लोखंडी पट्ट्या, कड्या, कोयंडा आले की पंचावन्न. वाड्याची कवाडं याहून जाड असतात. १० मिमी काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो, म्हणजे एवढ्याच मापाचं काचेचं दार बावन्नला जातं. साधं ब्लॉकबोर्डचं फ्लश दार तिशीच्या आसपास.

घरी काटा असेल तर दार आडवं धरून एक टोक काट्यावर टेकवा, दुसरं टोक काट्याएवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर. काट्यावरचा आकडा दुप्पट करा. दोन माणसं लागतात आणि पाच मिनिटं.

ट्रॅक आणि चाकांचं तयार किट मिळतं, त्याच्या खोक्यावर '१०० किलो' छापलेलं असतं. तो चाकांचा आणि ट्रॅकचा दम आहे, तुमच्या भिंतीचा नाही. दाराच्या वजनाच्या दीडपट क्षमतेचं किट घ्या आणि तो आकडा विसरून जा.

खुर्चीवर चढा आणि वर बघा

भिंत आधीच झालेली असेल तर पहिलं काम फॉल्स सीलिंगचं. एक टाइल सरकवा, नाहीतर लाइटचा एक गोळा काढून मोबाइलच्या टॉर्चनं आत बघा. शाहूपुरीत एका दुकानात मी असाच वाकून बघत होतो. पार्टिशनचे स्टड सीलिंगच्या वर चार इंच येऊन संपलेले. स्लॅब तिथून दोन फूट वर. मध्ये हवा आणि कोळ्यांची जाळी. खालून भिंत एकदम टकाटक, रंग नवा. अशी भिंत वरच्या टोकाला फॉल्स सीलिंगच्या तारांना टेकून उभी असते. तिच्यावर दार लावलं तर दार सरकताना सीलिंगही डुलायला लागतं.

असं दिसलं तर त्या भिंतीवर काही लावू नका. गोलपोस्ट करा, त्याबद्दल पुढं.

भिंत अजून उघडी असेल तर

हा सगळ्यात चांगला योग. एका बाजूचा बोर्ड लागायच्या आत तुम्ही साइटवर पोचलात तर अर्धं काम झालं.

आधी दार बंद असताना कुठं आणि उघडल्यावर कुठं, हे दोन्ही चौकोन फरशीवर खडूनं आखा. दार उघडून जिथं जाऊन थांबणार, तिथं स्विचबोर्ड नको, घड्याळ नको, एसीचं ड्रेन नको. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण इलेक्ट्रिशियन तुमच्या आधी येऊन गेलेला असतो.

दाराची रुंदी उघड्या जागेपेक्षा दोन्हीकडून ५० मिमी जास्त आणि ट्रॅक दाराच्या रुंदीच्या किमान दुप्पट. म्हणजे ९०० मिमीची जागा, १ मीटरचं दार, २ मीटरचा ट्रॅक.

३०-३५ किलोपर्यंतचं दार असेल तर ट्रॅकच्या उंचीला, ट्रॅकच्या पूर्ण लांबीत, स्टडच्या मध्ये १८ मिमी जाडीचा आणि ३०० मिमी रुंदीचा मरीन प्लाय बसवा. प्लाय स्टडच्या तोंडाशी अगदी सपाट आला पाहिजे. दोन मिमी जरी पुढं राहिला तर बोर्डला पोट येतं आणि ते रंगानंतरच दिसतं. त्या भागात स्टडही दोन फुटांवर न ठेवता एका फुटावर घ्या. चार स्टड वाढले तर खर्च किरकोळ वाढतो.

चाळिशीच्या वर गेलात तर प्लायच्या भरवशावर राहू नका, लोखंड घाला. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडं माप दिलं तर असली चौकट त्यांच्या रोजच्या कामातली आहे. दोन-तीन उभे चौकोनी पाइप फरशीपासून स्लॅबपर्यंत आणि ट्रॅकच्या उंचीला एक आडवा, ट्रॅकएवढा लांब. जाडी २ मिमीपेक्षा कमी नको. रेड ऑक्साइड मारून आणा. कापलेल्या टोकांना परत मारा, तिथूनच गंज चढतो.

मापात दोन ठिकाणी माणूस फसतो. ४८ मिमीच्या भिंतीत ५० मिमीचा पाइप बसत नाही, बोर्ड फुगतो. तिथं ४० चा पाइप घ्या आणि तो दाराच्या बाजूच्या बोर्डला टेकवून उभा करा, मागं फट राहिली तरी चालेल. दुसरं म्हणजे पाइपच्या बुडाची प्लेट. फॅब्रिकेटर सवयीनं १०० बाय १०० ची चौकोनी प्लेट जोडतो. तुमची अख्खी भिंत ७३ मिमीची, मग प्लेट दोन्हीकडून बाहेर डोकावते आणि स्कर्टिंग बसत नाही. प्लेट ५० बाय १५० ची, भिंतीच्या लांबीच्या दिशेनं आडवी लावायला सांगा. दोन भोकं, दोन अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुगून धरणारे बोल्ट).

फरशीत फास्टनर मारताना टाइलखाली दोन इंच सिमेंट-वाळूचा माल असतो हे विसरू नका. आखूड फास्टनर त्या मालातच फिरत राहतो. खालच्या स्लॅबपर्यंत पोचेल एवढा लांब घ्या.

आणि बोर्ड लावून झाकायच्या आधी भिंतीला टेप लावून फोटो काढा, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. सहा महिन्यांनी तो फोटोच कामाला येतो, आठवण नाही.

भिंत झाली असेल तर

स्टड शोधायला लोहचुंबक पुरतो. जुन्या स्पीकरमधला किंवा मोबाइल कव्हरचा छोटा चुंबक दोऱ्याला बांधा आणि भिंतीवरून हळूहळू फिरवा. बोर्डाच्या स्क्रूच्या डोक्यापाशी तो टक्कन चिकटतो. तिथं पेन्सिलीची खूण. खाली-वर अशा तीन-चार खुणा एका ओळंब्यात आल्या की तो स्टड. पुढचा दोन फुटांवर असायला हवा, पण 'हवा' म्हणून सोडू नका. दाराच्या कडेला आणि भिंतीच्या शेवटाला अंतर बदलतं.

स्टडची कड साधारण ३५ मिमी रुंद. 'सी'ची एक बाजू बंद, एक उघडी. उघड्या बाजूला स्क्रू मारला तर पत्रा आत वाकतो आणि स्क्रू फिरायला लागतो. म्हणून खुणेच्या आसपास बारीक ड्रिलनं दोन भोकं मारून बंद बाजू कुठली ते ओळखा आणि तिच्या जवळून स्क्रू मारा. ही भोकं हेडरखाली, म्हणजे ट्रॅक आणि भिंतीमधल्या फळीखाली, झाकली जातात. भोकं मारताना त्या खोलीचा एमसीबी खाली करा. पार्टिशनमध्ये वायरचा पाइप कुठून गेलाय हे देवालाच ठाऊक असतं.

आता उपाय. माझं मत विचाराल तर ट्रॅकच्या उंचीला बोर्डची एक फूट रुंद पट्टी कापून काढा, आत प्लाय बसवा आणि पट्टी परत लावून सांध्यांवर टेप-कंपाउंड मारा. रंगारी कुरकुर करतो, गिऱ्हाईक "परत तोडफोड?" म्हणतं. तरी सांगतो, एक दिवस जातो आणि आत काय आहे ते डोळ्यांनी दिसतं.

पलीकडं स्टोअररूम किंवा पॅसेज असेल तर आरपार बोल्ट हा पक्का मार्ग आहे. मागच्या बाजूला ४० बाय ५ ची लोखंडी पट्टी, पुढं हेडर, मधून ८ मिमी थ्रेडेड रॉड. पण भिंत पोकळ आहे. नट आवळत गेलात तर दोन्ही बोर्ड आत चेपतात आणि कडकड आवाज येईपर्यंत कळत नाही. म्हणून प्रत्येक बोल्टभोवती भिंतीच्या जाडीएवढा, आपल्या भिंतीत ७३ मिमीचा, पाइपचा तुकडा घाला. आवळणं मग त्या पाइपवर येतं. हे तुकडे एकाच मापाचे कापा; एक जरी मिमीभर आखूड असला तर तिथं हेडर आत ओढला जातो.

आणि चाळीस किलोच्या वरचं दार, तयार भिंत, तोडफोडीला परवानगी नाही, असं असेल तर गोलपोस्ट. भिंतीच्या पुढं दोन उभे पाइप आणि वर आडवा, ट्रॅक त्या आडव्याला. वजन सरळ फरशीवर. उभे पाइप पुढं-मागं डुलू नयेत म्हणून स्लॅबपर्यंत न्या आणि तिथंही अडकवा. दिसायला जरा रांगडं दिसतं. काळ्या मॅट रंगात मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

हेडर: ट्रॅक आणि भिंतीमधली फळी

सरकत्या दारांचे बरेचसे ट्रॅक अमेरिकी धर्तीवर पाडलेले असतात. त्यांची भोकं १६ इंचांवर, कारण तिकडं लाकडी स्टड १६ इंचांवर असतात. आपले २४ वर. म्हणजे पहिलं भोक स्टडवर आलं तर पुढचं थेट ४८ इंचांवर जुळणार, मधली सगळी पोकळ बोर्डवर. भोकं आणि स्टड यांची सोयरीक जुळवायला हेडर लागतो.

हेडर २५ मिमी जाड सागवान किंवा दोन १८ मिमी प्लाय चिकटवून, २०० मिमी रुंद, ट्रॅकएवढा लांब. प्लायचा केलात तर दार सागवानापेक्षा ११ मिमी आणखी पुढं येतं, हे बुशी निवडताना धरा. भिंतीला लावायच्या आधीच त्यात ट्रॅकची भोकं पाडा आणि मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आट्यांचा नट) ठोका. किटसोबत येणारे लांब लाकडी स्क्रू बाजूला ठेवा. ते लाकडी स्टडसाठी केलेले असतात, पत्र्यात त्यांना धरायला काही नाही. टी-नटमध्ये ८ मिमी बोल्ट आवळला की तो तिथं मुक्कामाला राहतो.

हेडर भिंतीला लावताना प्रत्येक स्टडवर किमान दोन स्क्रू, एक वरच्या कडेला, एक खालच्या. जाड सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्या. बोर्डसाठीचे काळे स्क्रू इथं चालत नाहीत. ते ठिसूळ असतात, पिळ बसला की मान तुटते. आत प्लाय किंवा पाइप असेल तर त्यातही मारा. काही नसेल तर स्टडच्या कडेतूनच भोक पाडून स्प्रिंग टॉगल घाला, म्हणजे पाकळ्या पत्र्यामागं उघडतात, बोर्डमागं नाही.

हेडर बसला की मी त्याला दोन्ही हातांनी धरून पाय उचलतो. माझं वजन बहात्तर. गिऱ्हाईक हसतं. हसू दे. खाली स्टूल ठेवा आणि पाय वीतभरच उचला.

ट्रॅकची उंची

किटच्या कागदावर सूत्र दिलेलं असतं. ते बघा, पण भरवसा दारावर ठेवा. दार जागेवर उभं करा, खाली १० मिमीचे प्लायचे तुकडे घाला, चाकांच्या पट्ट्या तात्पुरत्या लावा आणि चाक जिथं येतं तिथं हेडरवर खूण करा.

दार उभं करायच्या आधी फरशी तपासा. आपल्याकडं जुन्या घरांत शहाबादी फरशीला उताराची सवय असते, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. पारदर्शक नळीत पाणी भरून दाराच्या पूर्ण प्रवासात फरशी कुठं सगळ्यात उंच आहे ते शोधा आणि तुकडे तिथं घाला. नाहीतर बंद करताना दार छान जातं आणि उघडताना मध्येच घासतं.

ट्रॅक मात्र फरशीच्या नव्हे, पाणसळीच्या हिशेबानं. दोन मीटरात तीन मिमीचा उतार राहिला तरी दार रात्री आपोआप सरकतं आणि घरातली मंडळी वेगळाच अर्थ काढतात.

दार चढवणं

तीन माणसं. दोन उचलायला, एक चाक ट्रॅकवर बसतंय का ते बघायला. चढलं की लगेच, चहा प्यायच्या आत, दाराच्या वरच्या कडेला उडी-रोधक चकत्या लावा. ट्रॅकवरून चाक वर उचलू नये म्हणून त्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या खोक्यातच राहिलेल्या मी पाहिल्यात. घरात लहान पोरं असतील तर ती दाराला लोंबकळणारच.

दाराचं बूड डुलू न देणारा खालचा गाइड उघड्या जागेच्या कडेला बसवा, दार दोन्ही टोकांना असताना त्यातून सुटणार नाही असा. बाथरूमजवळ फरशीत भोक पाडायचं नसेल तर भिंतीला लावायचा रोलर गाइड मिळतो. दोन्ही टोकांचे स्टॉपर दार थांबायच्या नेमक्या जागी आवळा.

पावसाळ्याबद्दल लोक हमखास विचारतात. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट म्हटल्यावर विचारणारच. लाकूड फुगतं ते आडव्या अंगानं, रुंदीत. उंचीत फारसा फरक पडत नाही. बिजागरीचं दार म्हणूनच चौकटीत अडकतं आणि सरकतं दार अडकत नाही. त्याला त्रास होतो तो बाक आल्यावर, तेव्हा ते भिंतीला घासतं. म्हणून दाराची पाठ आणि भिंत किंवा चौकटीची पट्टी यांत १२ ते १५ मिमी मोकळं ठेवा. पॉलिश सहाही बाजूंना मारा. वरची आणि खालची कड रंगारी सोडतो, कारण ती दिसत नाही, आणि लाकडाच्या आडव्या कापातून दमट हवा सगळ्यात आधी तिथूनच आत जाते. दार चढवायच्या आदल्या दिवशी हे करून घ्या, चढल्यावर खालची कड कुणी मारत नाही.

शेवटी एक पेन्सिल लागते. हेडरच्या वरच्या कडेला लागून भिंतीवर बारीक रेघ ओढा आणि बाजूला तारीख टाका. महिन्याभरानं जाऊन बघा. कड आणि रेघ चिकटून असतील तर बोल्ट एकदा आवळून निघा. रेघ आणि कड यांच्यात भिंतीचा रंग दिसायला लागला असेल तर दार त्याच दिवशी उतरवा, भिंतीला टेकवून ठेवा आणि वर सीलिंगमध्ये काय आहे ते परत बघा.